फाइल समोर आहे, तरी जावा ‘सापडली नाही’ का म्हणते?

हिंजवडी, रात्रीचे साडेनऊ, दुसऱ्या दिवशी रिलीज. रुजू होऊन तीनच महिने झालेली आमच्या टीममधली एक मुलगी लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी आली. “ताई, हे बघा ना. सर्व्हर म्हणतोय, ‘कस्टमर’चं ‘कस्टमर’मध्ये रूपांतर करता येत नाही. दोन्ही नावं तर एकच आहेत!” तिने वहीत दोन्ही नावं पॅकेजसकट, म्हणजे पुढे लागणाऱ्या गटाच्या नावासकट, एकाखाली एक लिहून काढली होती आणि ताडून पाहताना प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने टिंब दिलं होतं. एकही टिंब चुकलं नव्हतं.

नावं खरंच एक होती, आणि सर्व्हरही खरंच बोलत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे समजलं की सर्व्हरवरच्या अशा बहुतेक तक्रारी उलगडायला लागतात. जावा ८ वरून १७ किंवा २१ वर आणि टॉमकॅट, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर, ९ वरून १० वर न्यायची कामं सध्या जिकडेतिकडे निघालीत. त्यामुळे असे संदेश रोज कोणा ना कोणाच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत येतात. आणि उपाय ठरलेला: कुठून तरी जार (क्लासच्या फाइलींचं गाठोडं) उतरवायची, जो फोल्डर दिसेल त्यात टाकायची, सर्व्हर रीस्टार्ट करायचा. कधी चालतं, कधी नाही. मला ही सवय मनापासून खटकते, कारण आज गप्प बसवलेली चूक सहा महिन्यांनी भलत्याच माणसाच्या गळ्यात पडते.

## क्लास कोण आणतो, आणि कधी?

जावाचा प्रोग्राम क्लास नावाच्या तुकड्यांत लिहिलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याची एक फाइल बनते. अशा पुष्कळ फाइलींचं बांधलेलं गाठोडं म्हणजे जार. प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला जेव्हीएम म्हणतात, आणि तिला हवा तो क्लास शोधून आणून देणारा तो क्लासलोडर. यापुढे त्याला नुसता लोडर म्हणू.

क्लास लागेल तेव्हाच आणला जातो. महिन्याचा किराणा आधीच भरून ठेवावा, तसं जावा करत नाही. कढई तापली की मग मोहरी आणायला पाठवते. म्हणून सर्व्हर सकाळी नीट सुरू होतो, लॉगिन चालतं, सगळे चहाला जातात. अकरा वाजता अकाउंट्समधलं कोणीतरी वर्षातून एकदा लागणारा रिपोर्ट उघडतं, आणि तेव्हा क्लास सापडत नाही. “काल तर चालत होतं” हे आपण अगदी खऱ्या मनाने म्हणतो, पण काल तो रिपोर्ट कोणी उघडलाच नव्हता.

## आजोबा, वडील आणि नातवाचं कपाट

सर्व्हरमध्ये लोडर बरेच असतात आणि ते एकत्र कुटुंबासारखे बांधलेले असतात. सगळ्यात वर जावाचे मूळ क्लास आणणारे आजोबा. त्यांच्याखाली सर्व्हरचा सामाईक लोडर. सगळ्यात खाली प्रत्येक वेब ॲप्लिकेशनचा स्वतःचा लोडर, म्हणजे नातवंडं. जावाचा नेहमीचा रिवाज असा, की कोणी काही मागितलं तर धाकट्याने आधी थोरल्याला विचारायचं, थोरल्याने त्याच्या वरच्याला. वर कोणाकडेच नसेल तर मगच आपलं कपाट उघडायचं. यात सुरक्षितता आहे. ‘स्ट्रिंग’सारखा पायाभूत क्लास सगळ्यांना आजोबांकडूनच मिळाला पाहिजे. नाहीतर कोणीही त्याच नावाचा बनावट क्लास आपल्या जारमध्ये घालून आपले पासवर्ड वाचत बसेल.

वेब ॲप्लिकेशनपुरता मात्र टॉमकॅट हा क्रम फिरवतो. जावाचे मूळ क्लास आजोबांकडून घेतो, पण त्यानंतर आधी ॲप्लिकेशनच्या ‘वेब-इन्फ’मधला ‘क्लासेस’ फोल्डर बघतो, मग तिथलाच ‘लिब’, आणि शेवटी सर्व्हरचा सामाईक ‘लिब’. एकाच सर्व्हरवर दोन ॲप्लिकेशन्स असतील, एकाला एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी असेल आणि दुसऱ्याला नवी, तर दोघांनीही आपापल्या कपाटातलं वापरावं, हा हेतू. वेबलॉजिक आणि वेबस्फिअर हे दुसरे सर्व्हर मुळात थोरल्यांना आधी विचारतात, सेटिंग बदलून त्यांचा क्रम उलटवता येतो. वाइल्डफ्लायची रचना मॉड्यूलची, तिथे कोणाला काय दिसावं हे वेगळं नमूद करावं लागतं. म्हणूनच एका सर्व्हरवर वर्षभर चाललेली वॉर फाइल (पूर्ण वेब ॲप्लिकेशनचं गाठोडं) दुसऱ्यावर पहिल्याच दिवशी कोसळते. त्यात फाइलीचा दोष असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि निम्मे घोटाळे तिच्याच पोटात असतात. नातवाला आजोबांची खोली दिसते, आजोबांना नातवाच्या खोलीतलं दिसत नाही. सामाईक फोल्डरमधल्या जारला ॲप्लिकेशनच्या ‘लिब’मधला क्लास हवा असेल, तर तिच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. “अहो, जार तर फोल्डरमध्ये आहे की!” असं म्हणत आपण बोट दाखवतो तेव्हा विचारायचं ते हे: मागणारा कोणत्या खोलीत उभा आहे?

## ५१२ सदाशिव, ५१२ नारायण

आता त्या पेन्सिलीच्या टिंबांकडे येऊ.

जुन्या पुण्यात पत्ता म्हणजे घराचा नंबर आणि पेठ. ‘५१२’ एवढंच लिहून पाकीट टाकलं तर पोस्टमन कुठे जाणार? ५१२ सदाशिव पेठेतही असेल आणि नारायण पेठेतही. आकडा अगदी तोच, घरं दोन, आणि एका घराची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागणार नाही.

जेव्हीएमसाठी क्लासची ओळख अशीच दोन भागांची असते: त्याचं पूर्ण नाव आणि तो घडवणारा लोडर. दोन लोडरनी तीच फाइल, बाइट न् बाइट तीच, आपापली वेगळी आणली, तर जेव्हीएमच्या लेखी ते दोन परके क्लास झाले. एकाची वस्तू, म्हणजे त्या क्लासवरून बनलेला ऑब्जेक्ट, दुसऱ्याची म्हणून वापरायला गेलात की क्लास-कास्ट-एक्सेप्शन मिळतं, आणि संदेशात दोन्ही बाजूंना एकच नाव दिसतं.

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. एका टॉमकॅटवर दोन वॉर फाइली चालत होत्या. दोघींच्या ‘लिब’मध्ये ‘कस्टमर’ क्लासची जार होती, प्रत्येकीची आपापली प्रत. दोघींनी मिळून वापरायची कॅश (वस्तू तात्पुरत्या ठेवायची जागा) मात्र सर्व्हरच्या सामाईक ‘लिब’मध्ये होती. पहिल्या ॲप्लिकेशनने आपला ‘कस्टमर’ कॅशमध्ये ठेवला, दुसऱ्याने तो बाहेर काढला आणि स्वतःचा समजून वापरायला घेतला. सदाशिव पेठेतलं पाकीट नारायण पेठेत उघडलं गेलं.

उत्तर तिच्या स्क्रीनवरच होतं. जावा ११ पासून या संदेशात पुढे लिहिलेलं असतं की कोणता क्लास कोणत्या लोडरने आणला. ओळ लांबलचक असल्याने तिने फक्त नावं उतरवून घेतली होती. आम्ही ती ओळ शेवटपर्यंत वाचली. दोन्हीकडे टॉमकॅटच्या ‘पॅरलल-वेबॲप-क्लासलोडर’चं नाव होतं, पण ‘@’ या चिन्हापुढचे आकडे वेगळे. तिने वहीत दोन्ही नावांपुढे ते आकडे लिहिले आणि स्वतःच म्हणाली, “म्हणजे पेठा वेगळ्या.”

आम्ही ती जार दोन्ही वॉर फाइलींतून काढली आणि सामाईक ‘लिब’मध्ये एकच प्रत ठेवली. बिल्डमध्ये तिच्यापुढे ‘प्रोव्हायडेड’ असं लिहिलं, म्हणजे कंपाइल करताना वापर, पण गाठोड्यात बांधू नकोस, ती सर्व्हरकडे असणार आहे. जार एकाच वॉरमधून काढून भागलं नसतं. कॅशमध्ये वस्तूऐवजी साधा मजकूर, म्हणजे जेसन, ठेवणं हा दुसरा मार्ग होता आणि खरं सांगायचं तर जास्त टिकाऊ होता, पण रात्री साडेनऊला तो बदल करणं शहाणपणाचं नव्हतं.

## “सापडली नाही” हे वाक्य चार प्रकारे म्हटलं जातं

क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन म्हणजे कोणीतरी क्लास नावाने मागितला, लोडरने त्याला दिसणाऱ्या सगळ्या जागा धुंडाळल्या, आणि तो मिळाला नाही. कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेस ड्रायव्हरचं नाव लिहिलंय, पण ड्रायव्हरची जारच नाही, हे नेहमीचं उदाहरण.

नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर वरवर तसाच दिसतो, पण तो फार फसवतो. पुष्कळदा अर्थ सरळ असतो: कंपाइल करताना क्लास होता, चालवताना नाही. पण संदेशात ‘कुड नॉट इनिशियलाइज क्लास’ असं असेल तर फाइल शोधत बसू नका. फाइल सापडली आहे. क्लास पहिल्यांदा वापरात येताना त्याच्या आत काही तयारी चालते, एखादी सेटिंगची फाइल वाचली जाते वगैरे. ती तयारी फसली, तर पहिल्या खेपेला खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उमटतं, सहसा ‘एक्सेप्शन-इन-इनिशियलायझर-एरर’ या नावाने. त्यानंतर जेव्हीएम त्या क्लासवर कायमची फुली मारते आणि पुढच्या प्रत्येक खेपेला हा दुसरा एरर देते, जुन्या जावांवर तर मूळ कारणाशिवायच. दुपारी तीनला लॉगचं शेपूट बघणाऱ्याला हजार वेळा दुसरा एरर दिसतो, सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांचा पहिला दिसत नाही. मी एकदा पूर्ण दिवस जार बदलण्यात घालवला होता, आणि कारण निघालं होतं वाचण्याची परवानगी नसलेली एक प्रॉपर्टीज फाइल. तेव्हापासून लॉग मी वरून खाली वाचते, सर्व्हर सुरू झाला तिथपासून.

नो-सच-मेथड-एरर म्हणजे क्लास मिळाला, पण आवृत्ती भलतीच. बसस्टॉपवर जुनं वेळापत्रक चिकटवलेलं असावं तसं: बसचा नंबर बरोबर आहे, पण नव्याने सुरू झालेला थांबा त्यात नाही. इथे क्लास आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. नको असलेली जुनी प्रत कुठून आत शिरली, ते शोधायचं. जार आणून प्रोग्राम बांधणारं मेव्हन हे साधन वापरत असाल तर ‘डिपेंडन्सी ट्री’ काढून बघा. बहुतेक वेळा आपण न मागितलेली जार दुसऱ्याच कुठल्यातरी लायब्ररीचं बोट धरून आलेली असते.

चौथा अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन-एरर. हा प्रामाणिक आहे, सरळ आकडे सांगतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. नव्या जावावर कंपाइल केलेला क्लास जुन्या जावावर चालवायला घेतलाय, एवढंच.

क्लास मिळालाय पण भलताच, अशा वेळी एक औषध आहे: क्लासलाच विचारा, तू आलास कुठून? कोडमध्ये तात्पुरती एक ओळ घालून त्या क्लासचा प्रोटेक्शन डोमेन, त्यातला कोड सोर्स आणि त्याचं लोकेशन छापलं की नेमक्या जारचा पत्ता मिळतो. (जावाच्या मूळ क्लासला हे विचारलंत तर कोड सोर्स ‘नल’ येतो, घाबरू नका, आजोबांचा पत्ता असाच असतो.) कोडला हात लावायचा नसेल, तर जेव्हीएम सुरू करताना ‘-व्हर्बोज:क्लास’ हा पर्याय द्या. मग आणलेला प्रत्येक क्लास आणि तो कुठून आणला, हे लॉगमध्ये उतरतं. यादी प्रचंड मोठी होते, पण त्यात आपलं एक नाव शोधायला मिनिटही लागत नाही.

## “पण माझ्या मशीनवर तर चालतं!”

चालत असणारच. ‘लिब’ फोल्डरमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या असतील, तर जी आधी सापडेल ती जिंकते. टॉमकॅट ८ पासून जार अमुक क्रमानेच पाहिल्या जातील अशी हमी नाही. फाइल सिस्टिम ज्या क्रमाने देईल तो क्रम. तुमच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती आधी येते, सर्व्हरवर जुनी. दोन्हीकडे फाइली तंतोतंत सारख्या, वागणं वेगळं. विंडोज फाइलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरं सहसा चालवून घेतं, लिनक्स घेत नाही, हा आणखी एक फरक.

जावाची आवृत्ती बदलल्यावरचा एक घोटाळा मला मुद्दाम सांगायचाय, कारण तो शोधायला फार जड जातो. प्रत्येक थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांतल्या एकेका धाग्याच्या, खिशात एक लोडर असतो, त्याला कॉन्टेक्स्ट क्लासलोडर म्हणतात. आजोबांना नातवाची खोली दिसत नाही, ही अडचण सोडवण्यासाठीच ही सोय केलेली आहे: वरच्या लायब्ररीने थ्रेडच्या खिशातल्या लोडरला विचारायचं. टॉमकॅट आपल्या थ्रेडच्या खिशात योग्य लोडर ठेवतो. पण तुम्ही काम ‘कंप्लीटेबल-फ्युचर’ला (मागे काम चालवण्याची जावाची सोय) दिलंत आणि ते जावाच्या सामाईक थ्रेड-पूलमध्ये गेलं, तर जावा ९ पासून त्या थ्रेडच्या खिशात तुमच्या ॲप्लिकेशनचा लोडर नसतो, सिस्टिमचा असतो. जावा ८ वर जे वर्षानुवर्षं सापडत होतं, ते ११ वर सापडेनासं होतं, तेही फक्त मागे चालणाऱ्या कामांत. यावर उपाय म्हणजे अशा कामांसाठी स्वतःचा थ्रेड-पूल बनवायचा आणि त्याच्या थ्रेडना योग्य लोडर द्यायचा.

## लकडी पूल आणि संभाजी पूल

डेक्कनवरून पलीकडे जाताना कोणी लकडी पूल म्हणो की संभाजी पूल, रिक्षावाला एकाच पुलावर नेतो. जेव्हीएम नेणार नाही. तिच्यासाठी नाव बदललं की पूल बदलला.

टॉमकॅट १० वर जाताना जो त्रास होतो, तो याचाच. ओरॅकलने जावा ईईची, म्हणजे सर्व्हरवरच्या जावाच्या नियमावलीची, जबाबदारी एक्लिप्स फाउंडेशनकडे दिली, पण ‘जावाएक्स’ या नावाखाली पुढचे बदल करण्याची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० साली आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये सर्व्हलेट (वेबवरच्या विनंतीला उत्तर देणारे क्लास) वगैरेंच्या पॅकेजची सुरुवात ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, १० फक्त नवं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ नेही (जावा ॲप्लिकेशन्स बनवायचा लोकप्रिय सांगाडा) नवं नाव घेतलं आणि किमान जावा १७ मागितला.

मग सगळीकडे ‘जावाएक्स’ शोधून ‘जकार्ता’ करून टाकायचं का? हे करू नका. ‘जावाएक्स’ने सुरू होणारं पुष्कळ काही जावाच्या मूळ घरातलं आहे: डेटाबेस जोडणीचं ‘एसक्यूएल’, गुप्तलेखनाचं ‘क्रिप्टो’, ‘नेमिंग’. त्यांची नावं बदललेली नाहीत. सरसकट बदल केलात तर चालू गोष्टी बंद पडतील. जुनी वॉर फाइल तशीच चालवायची असेल, तर टॉमकॅटचं स्वतःचं रूपांतर करणारं साधन आहे. टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचा फोल्डर बनवून त्यात वॉर टाकली की सर्व्हर ती बदलून घेतो.

आणि जुन्या ट्युटोरियलमध्ये बघून सर्व्हलेटची जार ‘वेब-इन्फ’च्या ‘लिब’मध्ये ठेवू नका. ती सर्व्हरचीच असते. टॉमकॅट तिच्यातले सर्व्हलेटचे क्लास घेत नाही; जुन्या आवृत्त्या तर लॉगमध्ये ‘जार नॉट लोडेड’ असंही लिहून ठेवत.

## “सगळ्या जार सामाईक फोल्डरमध्ये टाकल्या तर कटकटच मिटेल ना?”

आमच्याकडे एक जार तिथे नेल्याने काम झालं, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. दोन ॲप्लिकेशन्स ज्या वस्तू एकमेकांना खरोखर देतात-घेतात, तेवढेच क्लास तिथे शोभतात. बाकी सगळं तिथे नेलंत तर एकाची आवृत्ती वाढवताना दुसरा कोसळतो. आणि वर नेलेल्या जारला खालचं दिसत नाही, म्हणून तिच्यामागे दुसरी न्यावी लागते, तिच्यामागे तिसरी.

पसाऱ्याचा हिशेब नसला की काय होतं, ते डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीत अशी त्रुटी निघाली की लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात एक विशिष्ट ओळ घुसवली, तर सर्व्हर परक्याच्या यंत्रावरून क्लास आणून चालवू शकत होता. दुरुस्त जार लगेच आली. पण ती बदलायची कुठे कुठे? सामाईक फोल्डरमधली बदलली तरी प्रत्येक वॉर फाइलीच्या पोटात आपापली जुनी प्रत होतीच, आणि टॉमकॅट आधी तीच उचलणार.

## अडून बसलेला भाडेकरू

सर्व्हर बंद न करता ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केलं, म्हणजे नव्याने चढवलं, की जुना लोडर आपल्या सगळ्या क्लाससकट मोकळा व्हायला हवा. पण वाड्यात एक भाडेकरू जरी अडून बसला तरी वाडा पाडता येत नाही. ॲप्लिकेशनने सुरू केलेला आणि न थांबवलेला एखादा थ्रेड, थ्रेड-लोकलमध्ये विसरलेली वस्तू, नोंद न काढलेला डेटाबेस ड्रायव्हर, यांतलं एक जरी राहिलं तरी पूर्ण जुना लोडर मेमरीत उभा राहतो. दहा वेळा डिप्लॉय केलं की असे दहा वाडे होतात, आणि एक दिवस मेटास्पेस, म्हणजे क्लास ठेवायची मेमरीतली जागा, भरतो. जावा ७ पर्यंत याच जागेला पर्मजेन म्हणत. टॉमकॅट ॲप्लिकेशन थांबवताना लॉगमध्ये त्या थ्रेडचं नाव घेऊन इशारा देतो; तो वाचला की अडून बसलेला कोण, ते कळतं.

## “आता डॉकर आहे, सगळं एकाच जारमध्ये असतं, हे शिकून उपयोग काय?”

ॲप्लिकेशन त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधणाऱ्या डॉकरमुळे माझं मशीन आणि तुझं मशीन हा फरक खूप कमी झाला, हे मान्यच. पण स्प्रिंग बूटच्या त्या एका जारच्या पोटातही जारच असतात आणि त्या वाचायला त्याचा स्वतःचा लोडर असतो. दोन आवृत्त्यांची टक्कर तिथेही होते. डेव्हलपमेंट करताना स्प्रिंगचं ‘डेव्हटूल्स’ लावलंत तर लोडर दोन होतात: लायब्ररींसाठी एक, तुमच्या कोडसाठी दुसरा, जो प्रत्येक बदलानंतर नवा बनतो. कॅशमधून काढलेली वस्तू अशा वेळी जुन्या लोडरची निघाली, की ‘कस्टमर’चं ‘कस्टमर’ होत नाही, हा संदेश पुन्हा हजर.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तिकिटात, म्हणजे त्या तक्रारीच्या नोंदीत, जे लिहिलं, ते मी आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. वर जावाची आणि टॉमकॅटची आवृत्ती. त्याखाली संदेशाची पूर्ण ओळ, न तोडता. मग दोन्ही क्लास कोणत्या जारमधून आले, त्यांचे पत्ते एकाखाली एक. शेवटी कोणती जार कुठून काढली आणि कुठे ठेवली.